धृपद कुणी धरायचं?

आमच्या गावच्या सप्त्यातलं पाचव्या दिवसाचं कीर्तन मागच्या वर्षी पोरांनी यूट्यूबला टाकलंय, पूर्ण दोन तासाचं. त्यात मी आहे. डावीकडच्या रांगेत मागनं तिसरा, पांढरी टोपी, हातात टाळ. घरी मोठ्या कौतुकानं टीव्हीला जोडून लावलं तर धाकटा विचारतोय, पप्पा तुम्ही नुसतं तोंड हलवताय का हो? म्हणलं असं कसं, आवाज वाढव. वाढवला. बुवांचा आवाज आला, त्यांच्याबरोबर आलेल्या चार गायकांचा आला, पखवाज तर असा आला की खिडकीची काच थरथरली, पेटी आली, ऑक्टोपॅड पण आला (कीर्तनात ऑक्टोपॅड कशाला हे मला अजून कळलेलं नाही, असो). आणि आम्ही दोन्ही रांगा मिळून तीस-बत्तीस माणसं घसा फोडून गात होतो, त्यातल्या एकाचा आवाज नाही. टाळाचासुद्धा नाही.

साउंडवाल्याला गाठून विचारलं तर तो सरळच म्हणाला, भाऊ, मिक्सरचे सगळे चॅनेल बुवांच्या पार्टीलाच लागतात, आणि तुमच्या रांगेत माइक ठेवला की शिट्टी मारतोय, मग कमिटीचीच माणसं मला शिव्या देतात. खरं बोलला बिचारा. त्याच्यावर राग नाही. वर्गणी आम्ही दिली, साउंड आम्ही ठरवला, बुवा आम्ही आणले आणि आमचाच आवाज बंद करायचे पैसे पण आम्हीच मोजले, आता बोलायचं कुणाला.

तर सरळ मुद्द्यावर येतो. कीर्तनकार बाहेरचा आणा, नावाजलेला आणा, पखवाजवाला आळंदीहून आणा, त्याला बिदागी द्या, माझं काही म्हणणं नाही. पण धृपद, म्हणजे मागच्या टाळकऱ्यांनी उचलून धरायची अभंगाची ओळ, गावानंच धरलं पाहिजे. ते विकत आणायची गोष्ट नाही आणि कोरोनानंतर दरवर्षी आम्ही ती विकत आणतोय. आमच्या एकट्या गावाचं हे रडगाणं नाही, कृष्णाकाठाला कराडपासून खाली मिरजेपर्यंत कुठल्याही सप्त्याला जाऊन बघा, थोड्याफार फरकानं हेच दिसेल.

पुण्या-मुंबईकडच्या मित्रांसाठी थोडं सांगतो. कीर्तनाला एक अभंग घेतात, त्याची एक ओळ म्हणजे धृपद. बुवा निरूपण करता करता थांबले की मागच्या टाळकऱ्यांनी ती ओळ उचलायची, एकदा खाली, एकदा वर, मग चाल वाढवत न्यायची, तेवढ्यात बुवा दम घेतात आणि समोर बसलेली माणसं पण आपोआप टाळ्या धरून गायला लागतात. शाहिराच्या मागं झीलकरी असतात ना तसंच काहीसं, फक्त इथं झीलकरी म्हणजे अख्खा मंडप असायचा. पूर्वी बुवा नवखा असला, विसरला, घसरला तरी कीर्तन पडायचं नाही, कारण मागची माणसं सांभाळून घ्यायची. आमच्यात एखाद्याचं कौतुक करायचं तर अजून म्हणतात, अमक्यानं काय धृपद धरलं बघा. गायला म्हणत नाहीत. धरलं म्हणतात.

आणि सप्ता म्हणजे एकटं कीर्तन नव्हे. पहाटे चारला काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन, प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर उजाडेपर्यंत जागर. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातनं दुसऱ्याच्या गळ्यात, दोघांनी एकमेकाच्या पाया पडायचं आणि पुढचा उभा राहिला की मागचा घरी गेला. सात दिवसाचे तास होतात 168. तासाचा एक पहारा धरला तर 168 पहारे, आणि प्रत्येक पहाऱ्याला वीणेकऱ्याबरोबर किमान दोन टाळकरी पाहिजेत. हे सगळं फुकट, वर चहासुद्धा स्वतःच्या घरनं. आता मला सांगा, याला काय म्हणायचं? नोटेशन नाही, युनिफॉर्म नाही, ऑफिस नाही, पण शेकडो माणसं पाळीपाळीनं सात दिवस गातात आणि पिढ्यान्‌पिढ्या गातात, हा कॉयर, म्हणजे मिळून गाणाऱ्यांचा ताफा, नाही तर काय आहे.

पहाऱ्याचा तक्ता देवळाच्या भिंतीवर लावतात, मोठा कार्डशीट, आडव्या-उभ्या रेघा मारलेला. दिवसाचे चौकोन पहिल्याच दिवशी भरतात, सकाळी सात-आठचे तर वशिल्यानं. रात्री एक ते चार मोकळे. मी लहान असताना तिथं नावं असायची, उसाला पाणी द्यायला रात्रीची लाइट असली की माणसं मोटार चालू करून यायची, पहारा करायची आणि परत दारं मोडायला जायची. आता त्या चौकोनात दोन पोरांची नावं येतात, एका वारकरी शिक्षण संस्थेतनं रोजावर आणलेली. पोरं गुणी आहेत, सुरेल आहेत, मला त्यांचं वाईट काही म्हणायचं नाही. पण मागच्या वर्षी मी मुद्दाम दोन ते तीन घेतला. दोन वाजता गेलो तर त्यातला एक खांबाला टेकून उभा, वीणा गळ्यात, डोळे मिटलेले, बोट मात्र तारेवर चालू, आणि दुसरा टाळ मांडीवर घेऊन बसल्या जागी झोपलेला. अठरा-एकोणीस वर्षाचं पोर, रात्री दहापासनं उभं होतं. त्यानं वीणा माझ्या गळ्यात घातली, मी पाया पडायला वाकलो तर बिचारा लाजला आणि म्हणाला, काका तुमच्या गावातनं रात्रीचं कुणीच येत नाही का हो. काय उत्तर देणार. दीड हजार उंबऱ्याचं गाव.

हे असं का झालं याचा मी बराच विचार केलाय आणि सरसकट मोबाइलला शिव्या देणाऱ्यातला मी नाही. आमच्यापुरतं सांगायचं तर पहिली गोष्ट, पेटीवाले तात्या गेले. त्यांनी चाळीसेक वर्षं पेटी धरली पण मागं कुणाला तयार केलं नाही, म्हणजे शिकवायची त्यांची ना नव्हती, शिकायला कोण गेलं नाही, मी पण नाही. मग 2019 चा महापूर. सांगलीत आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचं देऊळ तीन दिवस पाण्यात होतं. टाळ पितळी, ते घासून निघाले. पखवाजाची पुडी सडली. पेटीचा भाता कुजला, पट्ट्या फुगून एकमेकीला चिकटल्या, ती पेटी आठ महिने कुणाच्यातरी माळ्यावर पडून होती. तोपर्यंत कोरोना आला. दोन वर्षं सप्ता नुसता नावाला. आणि परत सुरू झाला तेव्हा आमच्याकडं पेटी नाही, वाजवणारा नाही, काकड्याच्या चाली येणारी चार माणसं त्या दोन वर्षांत गेलेली, मग कमिटीनं सोपा मार्ग काढला, सगळी पार्टीच बाहेरनं बोलवा. तेव्हा ते बरोबरच होतं. चूक ही झाली की पुढच्या वर्षी पण तेच केलं, आणि त्याच्या पुढच्या पण.

आता पट्टीचं सांगतो, कारण याच्यावर कोण बोलत नाही आणि माझ्या मते निम्मा घोळ इथंच आहे. पट्टी म्हणजे गाणं किती उंच सुरात लावायचं ते, पेटीच्या कुठल्या पट्टीवर सा धरला त्यावरनं ओळखतात. आमचं मंडळ गायचं काळी दोनमध्ये. कधी पांढरी तीन, लै झालं. त्या पट्टीत शेतात राबणारा माणूस, सत्तरीचा म्हातारा, आवाज फुटायला लागलेलं पोरगं, सगळी गाऊ शकतात, वरच्या चालीला थोडं ओरडावं लागतं पण पोचतात. बाहेरनं आलेले गायक लावतात काळी चार, एखादा काळी पाच. त्यांचा आवाज तसा तयार झालेला असतो, रोजचा रियाज असतो, आणि उंच पट्टीत गायलं की टाळ्या पडतात हे पण त्यांना माहीत असतं. पण काळी चारमध्ये धृपद वर नेलं की माझ्यासारख्याला दोनच वाटा, खालच्या सप्तकात पुटपुटायचं नाहीतर गप्प बसून टाळ वाजवायचा. गावानं गायचं सोडलं म्हणतात, पण गाव गाऊच शकणार नाही अशा उंचीला गाणं नेऊन ठेवलंय हे कोण बघत नाही. याउलट हरिपाठ बघा. सत्तावीस-अठ्ठावीस अभंग, बायाबापड्यांना पाठ, पावल्या टाकत टाकत म्हणायचं, त्याला गायक लागत नाही आणि पट्टी कुणी लावत नाही, जो पहिला सुरू करेल त्याची पट्टी. हरिपाठाला आमचं गाव अजून गातंय. त्याच मंडपात, तीच माणसं, दोन तासानं कीर्तनाला तोंड मिटून बसतात.

यावर आमच्या कमिटीतले आण्णा मला म्हणतात, मग काय, तुमचं बेसूर ऐकायला माणसं येणार का? मोठे बुवा आणले तर पंचक्रोशीतनं गाड्या येतात, तरणी पोरं येऊन बसतात, दारू पिऊन हिंडण्यापेक्षा बरं नाही का. आण्णांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आमचं मंडळ काही फार ग्रेट नव्हतं, खरं सांगतो. दोघं कायम अर्धी मात्रा पुढं असायचे, एकजण अभंगाचे शब्द मनानं लावायचा, आणि भांडणं तर विचारू नका, चाल कुणाची घ्यायची यावरनं एकदा एका नातलगानं दुसऱ्याच्या पोराच्या लग्नाला जायचं टाळलंय. आमचे आबा पखवाज वाजवायचे, धुम्याला कणीक लावता लावता बडबडायचे, ह्या टोळक्याला तालात आणण्यापेक्षा बैल शिकवलेले परवडले. पण कीर्तनाला आलेला माणूस आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळायला येतो की चांगलं ऐकायला येतो, हा खरा प्रश्न आहे. दोन्ही असेल म्हणा. पण ऐकायची सोय आता घरोघरी आहे, खिशात आहे. मिसळायची सोय कुठं आहे? सांगलीत फ्लॅटमध्ये राहतो मी, सोसायटीत चाळीस घरं, गणपतीची आरती सोडली तर वर्षात एकदाही आम्ही चाळीस घरं मिळून एका सुरात काही म्हणलेलं नाही आणि आरती पण आता ब्लूटूथच्या स्पीकरवर.

ऐकण्याला मी कमी लेखत नाही, उलट आमचा भाग ऐकणाऱ्यांचाच. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, 1937 ला ते गेले, आणि उरसाला अजून तिथं मोठमोठे गवई हजेरी लावतात, झाडाखाली बसून फुकट ऐका. तिथं कुणी म्हणणार नाही की मला पण मधे एक तान घेऊ द्या. ते गाणं तसलंच आहे, एकानं गायचं, बाकीच्यांनी कान लावायचे. त्याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले आणि 1901 ला लाहोरला जाऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, गाणं दरबारातनं बाहेर काढून साध्या घरातल्या पोरापोरींना वर्गात बसवून शिकवलं. म्हणजे ऐकायचं गाणं आणि मिळून गायचं गाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आमच्याकडं शंभर वर्षांपूर्वी लोकांना कळत होतं. सप्त्याचं आम्ही काय केलं तर मिळून गायच्या गाण्याला ऐकायच्या गाण्याचे कपडे घातले. स्टेज उंच केलं, एलईडी स्क्रीन लावला, माणसं खुर्चीवर बसवली. खुर्चीवर बसलेला माणूस गात नाही हे कधी बघितलंय का? खाली मांडी घातली, शेजारच्याचा गुडघा लागला की तोंड उघडतंय.

मध्ये एका गावाबद्दल वाचलं, अमेरिकेतल्या. बेथलेहेम नाव, पेनसिल्व्हेनिया राज्यात. मोरेव्हियन म्हणून एक ख्रिस्ती पंथ आहे, त्या लोकांनी 1741 ला वसवलेलं, पुढं तिथं पोलादाचा प्रचंड कारखाना आला. त्या गावात 1898 ला एक कॉयर सुरू झाला, फक्त बाख या जर्मन संगीतकाराची रचना गाण्यासाठी, आणि 27 मार्च 1900 ला त्यांनी त्याची एक अवघड, दोन तासाच्या आसपासची रचना अमेरिकेत पहिल्यांदा पूर्ण गाऊन दाखवली. गाणारे कोण, तर गावातलीच माणसं, बिनपैशाची. अजून दरवर्षी मे महिन्यात त्यांचा उत्सव होतो. आता यातली मला भावलेली गोष्ट सांगतो. तिथं पण पैसे देऊन माणसं आणतात. एकेकट्यानं गायचे जे भाग असतात त्याला बाहेरचे नामवंत गायक, वाजवायला व्यावसायिक ऑर्केस्ट्रा, रीतसर मानधन. पण मागचा कोरस? तो गावचाच. त्याला पगार नाही. म्हणजे बुवा आणि पखवाज विकतचा, धृपद घरचं, हे त्यांना जमलंय.

आणि त्यांचं पण मध्ये बंद पडलं होतं बरं का. ज्यानं कॉयर उभा केला तो वुले नावाचा माणूस 1905 ला कॅलिफोर्नियाला नोकरीला गेला आणि इकडं सगळं थंडावलं, तो परत आल्यावर 1912 ला उत्सव पुन्हा सुरू झाला. एका माणसावर उभं राहिलेलं मंडळ तो माणूस गेला की बसतं, मग ते बेथलेहेम असो नाहीतर आमचे पेटीवाले तात्या. दुसऱ्यांदा सुरू करताना पोलाद कारखान्याच्या मालकानं पैसा घातला, हे पण खरंय. पुढं 1995 ला तिथल्या भट्ट्या कायमच्या विझल्या आणि कॉयर चालू राहिला. कारखाना गेला, गाणं राहिलं हे वाचताना मला आमच्या बंद पडलेल्या सूतगिरण्या आणि आजारी साखर कारखाने आठवले, आमच्याकडं तर दोन्ही जायची वेळ आलीय.

पण एवढं लांब कशाला जायचं. सातारा जिल्ह्यातलं आरफळ, साताऱ्यापासून जवळच. तिथले हैबतबाबा, शिंद्यांच्या दरबारात सरदारकी केलेला माणूस, आळंदीला आले आणि माउलींच्या पालखीला आजचं जे रूप आहे ते त्यांनी लावून दिलं, साधारण 1832 च्या सुमारास. दिंड्यांचे क्रम, कुणी कुठं चालायचं, कुठल्या वेळेला कुठले अभंग, सगळं बांधून दिलं, अंकलीच्या शितोळे सरकारांकडनं घोडे आणि तंबू आणले. फौजेत वावरलेला माणूस, त्यामुळं शिस्त कशी लावायची त्याला पक्कं ठाऊक. आणि आज जवळपास दोनशे वर्षं झाली, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत ती पालखी साताऱ्याच्या मुलखातनं जाते, तेव्हा दिंडीत एक वीणेकरी, एक पखवाज आणि दोन्ही बाजूला टाळकरी, बाकी सगळं तोंडानं. चालताना ज्याला जमेल त्यानं म्हणायचं, दम लागला की थांबायचं, शेजारचा धरतोय तोवर.

त्यातली समाजआरती एकदा तरी बघावी. मुक्कामाला पालखी आली की दिंड्या भोवतीनं उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात, कानठळ्या बसतात. चोपदार हातातला दंड वर करतो आणि एक आरोळी देतो. सगळं शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार आहे, कुणी वाटेत त्रास दिला, जागेचा घोळ झाला, ती दिंडी टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडं जातो, काय झालं ते ऐकतो, मिटवतो, तेव्हा तो टाळ थांबतो आणि मग आरती. मला हे फार म्हणजे फार आवडतं. माणसाला बोलायला माइक नाही पण टाळ आहे, आणि तो वाजतोय तोवर पुढचं काही होणार नाही अशी रीत. आमच्या मंडपात टाळकऱ्यानं असं काही केलं तर साउंडवाला मिक्सरवर बुवांचा आवाज वाढवेल, संपला विषय.

सरकारनं काय करावं हे पण बोलायला पाहिजे, कारण सरकारनं गेल्या वर्षी खरंच काहीतरी केलं. ऑगस्ट 2025 ला राज्यातल्या 1,800 भजनी मंडळांना प्रत्येकी 25 हजार द्यायचा निर्णय झाला, वाद्यं वगैरे घ्यायला. चांगली गोष्ट आहे, नावं ठेवणार नाही. पण 25 हजारात पेटी येईल, ती वाजवणारा येत नाही. जिल्हा परिषदेची, आमदार फंडाची वगैरे भजन साहित्य म्हणून मिळालेली टाळ-पेटी कितीतरी देवळांत खोक्यातच पडून आहे, वरच्या प्लॅस्टिकसकट. त्यापेक्षा दोन-तीन गावं मिळून एक शिकवणारा माणूस वर्षभर ठेवायला पैसे द्या, आठवड्यातनं दोन संध्याकाळी पोरांना पखवाजाचे बोल आणि पेटीवर सूर शिकवेल असा. आळंदीत शिकून आलेली पोरं गावोगावी आहेत, सीझन संपला की रिकामी असतात. रात्रभर पहाऱ्याला उभं करायच्या ऐवजी त्यांना शिकवायला बसवा ना. त्यांनाही मान, आम्हालाही पुढची पिढी.

भजन स्पर्धांचं एक राहिलं. माझं मत स्पर्धेच्या विरोधातच आहे, थोडं टोकाचं असेल. वीस मिनिटं, दहा-बारा माणसं, त्यात एक हुकमी गायक पाहुणा म्हणून घुसवलेला, बाकी दहा जण गुडघ्यावर टाळ धरून मान डोलवायला. आम्ही एकदा उतरलो होतो. परीक्षक नंतर प्रेमानं म्हणाले, तुमचा कोरस मुख्य गायकाच्या वर जातोय, तो दाबा. तो दाबायचा असेल तर आम्ही आलो कशाला? नंबर आला नाही हे सांगायला नकोच.

आता कुणी म्हणेल हा जुन्याचं गुणगान करतोय. तर तसं बिलकुल नाही. जुनं मंडळ म्हणजे गाव नव्हतं. काही गल्ल्यांतली माणसं मंडपाच्या कडेला उभी राहायची, टाळ कुणाच्या हातात द्यायचा हे जातीवर ठरायचं, भले अभंग म्हणताना तोंडात काय शब्द असायचे ते असोत. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषणाला बसावं लागलं, वारकरी संप्रदाय असताना बसावं लागलं, हे विसरून कसं चालेल. आणि बायकांचं तर अजून सुरूच आहे. आमच्या आक्का महिला भजनी मंडळात तीस वर्षं गातायत, गावात सगळ्यात पक्का सूर कुणाचा तर त्यांचा, दर एकादशीला घरोघरी भजन करतात, पण सप्त्यात त्यांना वेळ किती, तर दुपारी एक ते दोन, ऊन असतं, मंडपात कुत्रं नसतं तेव्हा. पहाऱ्याच्या तक्त्यावर एक बाई नाही. मी मीटिंगमध्ये म्हणलं, रात्रीचे चौकोन मोकळे राहतायत ना, सकाळचे बायकांना द्या आणि सकाळचे गडी रात्री घ्या. पाच मिनिटं कोणच बोललं नाही. मग विषय मंडपाच्या कापडावर गेला.

गावाचं धृपद म्हणताना त्यात हे सगळं येतं. नुसता माइक लावून भागणार नाही, रांगेत कोण उभं आहे ते पण बघावं लागेल. हे जुनं परत आणणं नव्हे, कारण असं पूर्वी पण नव्हतं.

परवाच्या रविवारी यंदाच्या सप्त्याची मीटिंग झाली. दोन तास चालली, त्यातला दीड तास महाप्रसादाला गव्हाची खीर का बुंदी यावर. शेवटी माझा विषय निघाला. एलईडी स्क्रीन रद्द होणार नाही, तो एका पुढाऱ्यानं पुरस्कृत केलाय, त्यावर त्याचा फोटो यायचाय. ऑक्टोपॅड जाणार. टाळकऱ्यांच्या डोक्यावर दोन्ही बाजूला एक-एक माइक टांगून बघायचा, शिट्टी मारली तर पहिल्या दिवशीच काढायचा. सातपैकी दोन कीर्तनं गावच्या धृपदावर करायची, त्या दोन बुवांना आधीच फोन करून सांगायचं की गायक आणू नका आणि अभंग कुठला घेणार ते पंधरा दिवस अगोदर कळवा, म्हणजे आम्हाला चाल बसवता येईल. पहाटे चार ते सहा दोन पहारे आक्कांच्या मंडळाला, यावर आण्णांनी मान हलवली पण तोंडानं हो म्हणलेलं नाही, तक्त्यावर नाव पडेल तेव्हा खरं. पुरातली पेटी मिरजेत दुरुस्तीला टाकलीय, भाता नवीन घालावा लागणार, बुधवारी मिळेल म्हणाले. तालमीला अकरा जण येतायत, त्यातली तीन दहावीची पोरं.

पट्टीचं मात्र अजून ठरलेलं नाही. दोनपैकी एका बुवांना मी स्वतः फोन केला, तर ते म्हणाले, बाकी सगळं मान्य आहे, पण काळी चारच्या खाली मला सूर लागत नाही.